चेंडूशी मैत्री : फुटबॉलच्या आधी खेळायचे सहा खेळ



फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू, एवढे सर्वांनाच ठाऊक आहे. चेंडू मारायचा, त्याच्यामागे धावायचे आणि गोल करायचा. परंतु फुटबॉलची खरी विद्या जोरात लाथ मारण्यात नाही. जोरात लाथ तर गाढवही मारते! चेंडू पाहिजे तिकडे नेणे, पाहिजे तेथे थांबवणे आणि मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या पायाशी नेमका पोचवणे, ही खरी विद्या होय. यालाच चेंडूवर ताबा असणे म्हणतात. हा ताबा कसा येतो आणि त्यासाठी सामन्याच्या आधी कोणते गमतीचे खेळ खेळावेत, हे मी या लेखात सांगणार आहे.

चेंडूची वाटणी

आपल्या मैदानावर सुट्टीत फुटबॉल कसा चालतो, ते सर्वांनी पाहिले आहे. चेंडू एक आणि सारे पोट्टे त्याच्यामागे, जणू गुळाच्या खड्याला मुंग्या लागल्या! धूळ उडते, "दे ना बे इकडे!" असा आरडाओरडा होतो. मोठी मुले चेंडू मारतात. लहान मुले आणि आम्ही बहुतेक मुली कडेला उभ्या. चेंडू नालीकडे गेला की आणून द्यायचा, एवढेच आमचे काम.

आता एक सोपे गणित करू. सामना २० मिनिटांचा आहे, मुले २२ आहेत आणि चेंडू एक आहे. २० मिनिटांचे सेकंद झाले १२००. त्याला २२ ने भागले तर उत्तर येते सुमारे ५४ सेकंद. म्हणजे अगदी समान वाटणी केली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पुरते एक मिनिटसुद्धा चेंडू येत नाही. आणि समान वाटणी होते कुठे? ज्याला चांगले येते त्याच्याकडेच सगळे चेंडू देतात, म्हणून त्याला आणखी चांगले येते. ज्याला येत नाही त्याला कोणी देत नाही, म्हणून त्याला कधीच येत नाही. मग सगळे म्हणतात, "हिला काही जमत नाही." जमेल कसे? पायाला चेंडू लागला तर जमेल ना!

यावर उपाय आहे, तो म्हणजे सामन्याआधीचे खेळ. इंग्रजीत याला वॉर्मअप म्हणतात. आपण त्याला अंग मोकळे करणे म्हणू. या खेळांत प्रत्येकाच्या पायाशी एकेक चेंडू असतो. १० मिनिटे खेळले तर ६०० सेकंद चेंडू आपलाच. कुठे ५४ आणि कुठे ६००!

अंग आधी गरम का करावे?

हिवाळ्यात सकाळी बाटलीतले खोबरेल तेल थिजलेले असते. बाटली उन्हात ठेवली की ते सैल होते आणि भराभर ओतता येते. आपल्या स्नायूंचेही काहीसे असेच आहे. बसून बसून ते आखडलेले असतात. एकदम जोरात धावलो तर लचक भरते किंवा पोटरीत गोळा येतो. हळूहळू हालचाल सुरू केली की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त जाते, ते गरम होतात आणि चांगले ताणले जातात.

फिफा ही फुटबॉलची जागतिक संस्था आहे. तिने ७ ते १३ वर्षांच्या मुलामुलींसाठी ७ व्यायामांचा एक वॉर्मअप प्रसिद्ध केला आहे. त्यात धावता धावता थांबणे, एका पायावर तोल सांभाळणे, उड्या मारणे आणि पडताना अंगाला न लागू देता कोलांटी घेणे असे प्रकार आहेत. युरोपातील ४ देशांत सुमारे ४००० मुलांमध्ये याची पाहणी झाली. ज्या संघांनी हा वॉर्मअप नियमित केला, त्यांच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. आता पाहा, एका पायावर तोल सांभाळणे म्हणजे आपली लंगडीच की! म्हणून लंगडीला कोणी कमी समजू नये.

मैदान आणि चेंडू

खेळण्याआधी सर्वांनी एका ओळीत चालत मैदान पाहून घ्यावे. बाभळीचे काटे, काचा आणि गोटे उचलून कुंपणापाशी टाकावेत. काटा पायाला लागतो आणि चेंडूलाही. आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत पाय अडकू नये म्हणून तेवढी जागा राखेने आखून बाजूला सोडावी. हद्द दाखवायला पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरून ठेवल्या की झाले.

मोठ्यांच्या सामन्यातला चेंडू ५ नंबरचा असतो. त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. आपल्यासाठी ४ नंबरचा चेंडू योग्य, कारण तो थोडा लहान आणि हलका असतो. पहिली-दुसरीच्या मुलांना ३ नंबरचा पुरे. आपला चेंडू कितव्या नंबरचा ते कळत नसेल, तर सुतळी गुंडाळून घेर मोजावा. हवा फार कडक भरू नये. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित दबला पाहिजे. फार टणक चेंडू पायाला लागताच उडून जातो.

आता कोणी म्हणेल, "प्रत्येकाला चेंडू आणायचा कोठून?" बरोबर आहे. शाळेत इतके चेंडू नसतात. म्हणून आपण चिंध्यांचे चेंडू करायचे. जुना पायमोजा घ्या. त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून दाबून भरा. तोंड बांधा, उलटा करून दुसऱ्या मोज्यात घाला आणि वरून सुतळीने संत्र्याच्या फोडींसारखे आडवेउभे वेढे द्या. आत माती किंवा दगड मुळीच घालू नये, पायाला इजा होते.

असा चेंडू कमीपणाचा नाही. ब्राझीलचा पेले हा जगातील थोर खेळाडूंपैकी एक. लहानपणी त्याच्या घरची गरिबी होती, तेव्हा तो मोज्यात कागद आणि चिंध्या भरून केलेल्या चेंडूने खेळत असे. हाच पेले १९७७ साली कोलकात्याला मोहन बागान संघाविरुद्ध खेळून गेला. शिवाय चिंध्यांचा चेंडू उसळत नाही आणि लांब पळत नाही. पायाशीच राहतो, म्हणून शिकणाऱ्याला तो फार बरा.

पायाच्या चार बाजू

नवीन मुलगा चेंडू नेहमी अंगठ्याच्या टोकाने मारतो. टोक लहान आणि चेंडू गोल, म्हणून चेंडू वाटेल तिकडे जातो आणि बोटही दुखते. पायाला चेंडूसाठी चार बाजू आहेत.

१. आतली बाजू : ही सर्वांत रुंद असते. चेंडू जवळ देण्यासाठी आणि थांबवण्यासाठी.

२. बाहेरची बाजू : चेंडू एकदम बाजूला वळवण्यासाठी.

३. तळवा : चेंडूवर ठेवून तो थांबवण्यासाठी किंवा मागे ओढण्यासाठी.

४. वरची बाजू, म्हणजे बुटाची लेस असते ती जागा : जोरात मारण्यासाठी.

येणारा चेंडू थांबवताना पाय भिंतीसारखा कडक ठेवला, तर चेंडू आदळून परत जातो. कोणी वरून अंडे टाकले तर आपण ते कसे झेलतो? हात अंड्यासोबत थोडा खाली नेतो. तसेच चेंडू लागताना पाय थोडा मागे घ्यायचा. आमचे गुरुजी म्हणतात, "पाय कापसाच्या गादीवानी ठेवा रे!" आपण कापसाच्या जिल्ह्यातले, आपल्याला हे लगेच समजते.

सहा खेळ

या सर्व खेळांचा एक नियम आहे. येथे कोणीही बाद होत नाही. बाद होण्याच्या खेळात ज्याला कमी येते तोच आधी बाहेर बसतो, आणि खरी सवय तर त्यालाच हवी असते. म्हणून जो चुकेल त्याने चेंडूवर पाच वेळा पाय लावायचा आणि लगेच पुन्हा खेळायला लागायचे.

१. पाढ्यांचा झोका. चेंडू दोन्ही पायांच्या मध्ये ठेवा. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने डावीकडे, डाव्याने उजवीकडे, असा झोका द्या. प्रत्येक स्पर्शाला पाढ्याची एक ओळ म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार! दहाव्या ओळीपर्यंत चेंडू निसटला नाही, तर पुढचा पाढा घ्यायचा. नंतर हाच खेळ तळव्याने. एकदा उजवा तळवा चेंडूवर, एकदा डावा, जणू पायरी चढतो आहोत. लहान मुलांनी बेचा पाढा घ्यावा, मोठ्यांनी सतराचा. यात दोन्ही पाय सारखे चालतात आणि पाढेही पक्के होतात.

२. शिवाजी म्हणतो. हा खेळ सर्वांना येतो. फक्त आता पायाशी चेंडू घ्यायचा. पुढारी ओरडतो, "शिवाजी म्हणतो, चेंडूवर तळवा!" की सर्वांनी तळवा ठेवायचा. "शिवाजी म्हणतो, डाव्या पायाने चालवा!" "शिवाजी म्हणतो, चेंडूवर बसा!" आणि नुसतेच "थांबा!" म्हटले तर थांबायचे नाही. यात कान पुढाऱ्याकडे आणि पाय चेंडूकडे असतात. सामन्यातही तसेच लागते, कारण सोबती मागून हाक मारत असतात.

३. चिंतामणीची गर्दी. अंगारकी चतुर्थीला आपल्या कळंबच्या चिंतामणी मंदिरात केवढी गर्दी होते! त्या गर्दीतून आपण प्रसाद सांभाळत, कोणाला धक्का न लावता वाट काढतो. या खेळात तेच करायचे. १५ पावले लांब आणि १५ पावले रुंद चौकोन आखा. सर्वांनी आपापला चेंडू घेऊन त्यात फिरायचे. कोणाला धक्का नको आणि कोणाच्या चेंडूला चेंडू नको. मधूनच गुरुजी हात वर करून बोटे दाखवतात. किती बोटे ते सर्वांनी ओरडून सांगायचे. ज्याची मान सारखी खाली असते त्याला बोटे दिसतच नाहीत. चेंडू पायाने ओळखायचा आणि डोळ्यांनी मैदान पाहायचे, ही सवय या खेळाने लागते. गंमत वाढवायची असेल तर चौकोन १० पावलांचा करा.

४. नदी-पहाड. मैदानाच्या मधोमध राखेची रेघ मारा. एक बाजू नदी आणि दुसरी बाजू पहाड. पुढारी "नदी!" म्हणाला की चेंडू नेत नदीत जायचे आणि तळव्याने चेंडू थांबवायचा. "पहाड!" म्हणाला की वळून परत यायचे. पुढाऱ्याने मधूनच "नदी, नदी, पहाड, नदी!" असे भराभर म्हणावे. मग कशी तारांबळ उडते पाहा! या खेळाचे मर्म वळण्यात आहे. चेंडू लांब मारून त्याच्यामागे धावणारा वळू शकत नाही. जो लहान लहान स्पर्शांनी चेंडू नेतो तोच चटकन वळतो.

५. विष-अमृत. दोन जणांवर राज्य. त्यांच्याकडे चेंडू नाही. बाकी सारे चेंडू चालवत पळतात. राज्य असलेल्याने शिवले की विष! विष झालेल्याने चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पाय फाकून उभे राहायचे. दुसऱ्या कोणी आपला चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून घातला की अमृत, आणि तो पुन्हा मोकळा. दोन मिनिटांनी राज्य बदलायचे. यात चेंडू नेमका घालण्याची सवय होते. आणखी एक गोष्ट मला यात फार आवडते. येथे जो दुसऱ्यांना सोडवतो त्याला सगळे हाका मारतात. सामन्यात ज्यांना कोणी हाक मारत नाही, त्यांनाही येथे "ये ना, मले सोडव ना!" असे ऐकायला मिळते.

६. पायाची लगोरी. दोघादोघांच्या जोड्या करा. मध्ये मातीने भरलेली बाटली उभी करा आणि दोघांनी तिच्यापासून पाच-पाच पावलांवर समोरासमोर उभे राहा. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलून बाटली पाडायची. पडली तर एक गुण. चेंडू पलीकडे गेला तर समोरच्याने तो कापसाच्या गादीसारख्या पायाने थांबवायचा. एका स्पर्शात थांबला तर त्यालाही एक गुण. म्हणजे मारणाऱ्यालाही गुण आणि थांबवणाऱ्यालाही. चेंडू मारताना दुसरा पाय चेंडूच्या शेजारी ठेवावा आणि त्याचे बोट बाटलीकडे असावे. बोट जिकडे असते, बहुधा चेंडू तिकडेच जातो.

वेळेची वाटणी

सर्व मिळून २० मिनिटे पुरतात. पहिली ४ मिनिटे चेंडूशिवाय हळू धावणे, लंगडी आणि उड्या. मग ४ मिनिटे पाढ्यांचा झोका. नंतर मधल्या चार खेळांपैकी कोणतेही दोन, प्रत्येकी ४ मिनिटे. शेवटी ४ मिनिटे लगोरी. त्यानंतर सामना खेळावा. सामनाही लहान करावा, चार-चार जणांचे संघ आणि तीन-चार चेंडू. म्हणजे पुन्हा तेच, सर्वांच्या वाट्याला चेंडू.

काळजी कोणती घ्यावी?

चेंडूला डोके मारणे आपण टाळावे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संस्थांनी २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात डोक्याने चेंडू मारू न देण्याच्या सूचना दिल्या. वाढत्या वयातल्या मेंदूला धक्के नकोत, म्हणून ही काळजी.

बूट घातलेले आणि अनवाणी यांना एकत्र खेळवू नये. बूट अनवाणी बोटांवर पडला की फार लागते. एकतर सर्वांनी बूट घालावेत, नाहीतर सर्वांनी अनवाणी खेळावे. मैदान साफ असेल तर अनवाणी खेळण्यात कमीपणा नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले होते आणि सामना अवघ्या २-१ ने गेला.

आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. मार्चपासून खेळ सकाळीच करावा. खेळाच्या आधी, मध्ये आणि नंतर पाणी प्यावे. डोके दुखले किंवा गरगरले तर लगेच सावलीत बसून बाईंना किंवा गुरुजींना सांगावे. जेवणानंतर लगेच धावू नये.

आपल्या मातीतला फुटबॉल

काही लोकांना वाटते की फुटबॉल हा शहरातल्या मुलांचा खेळ. तसे नाही. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांचे सामने पाहायला शाहू स्टेडियममध्ये मोठी गर्दी होते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेच्या आधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी आपल्या राज्यात 'मिशन वन मिलियन' हा कार्यक्रम झाला. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून मुलामुलींनी फुटबॉल खेळला.

आपल्या जवळच्या नागपूरची गोष्ट तर सर्वांनी ऐकावी. तेथे विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात एका फुटक्या बादलीला चेंडू समजून लाथा मारत खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांसाठी सामने भरवले आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. त्यांच्या कामावर आधारलेला 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. बादलीने खेळणाऱ्या मुलांचे एवढे होते, तर आपल्याकडे मोज्याचा चेंडू आहे!

मुलींविषयीही सांगते. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला आपल्या नवी मुंबईत झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० ने हरवले. त्या मुली आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या होत्या. त्याही कधीतरी पहिल्यांदा चेंडूला पाय लावायला शिकल्याच असतील.

आईबाबांना विनंती

तुम्ही म्हणाल, "खेळून का पोट भरते का?" पोट भरत नाही, हे खरे. पण खेळून आलेल्या मुलाला भूक लागते, झोप लागते आणि दुसऱ्याला चेंडू देण्याची सवय लागते. "पोरीची जात, हातपाय मोडले तर?" असेही काही जण म्हणतात. आधी अंग मोकळे केले तर दुखापत कमी होते, ते मी वर सांगितलेच आहे. आणि मुलीला शिकूच दिले नाही, तर ती कडेलाच उभी राहणार.

म्हणून तुमच्याकडे तीनच गोष्टी मागते. घरातले जुने पायमोजे आणि चिंध्या फेकू नका, शाळेत पाठवा. शनिवारी सकाळच्या शाळेला मुलांबरोबर मुलींनाही पाण्याची बाटली देऊन वेळेवर पाठवा. आणि जमले तर एखाद्या शनिवारी थोडे थांबून पाढ्यांचा झोका स्वतः करून पाहा. मोठ्यांचाही चेंडू निसटतो, आम्ही हसणार नाही!

बालमित्रांनो, मोज्यांचे चेंडू करायला या आठवड्यापासूनच लागू या. पहिला चेंडू ज्याला अजून येत नाही त्याला द्यायचा, एवढे लक्षात ठेवा.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी